कयाधूच्या वळणावळणांनी

दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वर-माथेरानला जागा मिळत नाही. पण अकोला-पूर्णा मार्गावरील हिंगोली स्थानकावर हौसेने उतरणारा प्रवासी विरळाच. उतरलाच, तर औंढ्या नागनाथाचे दर्शन घेऊन परतीची गाडी पकडणार. वाचकहो, मी मात्र तेथे गेलो तो एका नदीसाठी. तिचे नाव कयाधू.

नाव पुराणातले, भक्त प्रल्हादाच्या आईचे. ही नदी वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात उगम पावते आणि सेनगाव, हिंगोली, कळमनुरी हे तालुके ओलांडून पुढे पैनगंगेला मिळते. पण घाई म्हणून तिला ठाऊक नाही. हळदीकुंकवाला निघालेली सुवासिनी जशी दर दारात थांबत जाते, तशी ती शिवाराशिवाराला वळसा घालीत चालते.

हिच्याच काठी नर्सी आहे. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून सारा महाराष्ट्र ते ओळखतो. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यामुळे पंजाबातील भाविकही येथवर येतात. पंढरीची आषाढी झाली, की वद्य एकादशीला येथे ‘परतवारी’ भरते.

नर्सीहून काठाकाठाने चालू लागलो. वळणाची बाहेरची कड उभी तुटलेली, काळ्या मातीची. बाभळीची मुळे हवेत लोंबताहेत. असल्या दरडीत खंड्या आणि वेडा राघू बिळे कोरून अंडी घालतात. आतल्या बाजूस मात्र वाळू-गोट्यांचा उतरता पट्टा. तो टिटवीचा संसार! एकाच वळणाला दोन काठ, आणि दोन निराळी बिऱ्हाडे.

हे घडते कसे? घरी चहाचा पेला ढवळून पाहा. चहाची पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. आइन्स्टाइनने १९२६ साली याच पत्तीवरून नद्यांच्या वळणांचा उलगडा केला. वळणावर वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठावर आदळून तो कोरते. तळाचे संथ पाणी गाळ घेऊन आतल्या काठाकडे सरकते. म्हणून वळण वाढतच जाते.

एक वृद्ध शेतकरी बांधावर भेटले. ‘‘काय बघायलाव, साहेब?’’

‘‘नदीचं वळण, काका.’’

‘‘त्यात काय बघायचं? ह्याच वळणानं माझी अर्धा एकर नेली!’’

‘‘मग नदी सरळ करून टाकावी का?’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हळदीच्या रुंद, हिरव्या पानांकडे हात करून म्हणाले, ‘‘सरळ केली तर पाणी पळून जाईल. मग ह्या हळदीला पाणी कुठून आणायचं? विहिरीत कोण भरणार?’’

काकांचा हिशेब खरा आहे. वळणावळणांनी रेंगाळणारे पाणी जमिनीत मुरते, पुराचा जोर काठच्या सखल रानात ओसरतो. नदी सरळ केली, की तोच पूर धावत खालच्या गावावर जातो. अमेरिकेत फ्लोरिडामधील किसिमी नदीचे असेच झाले. १९६२ ते १९७१ या काळात तिची सुमारे १६५ किलोमीटरांची वळणे मोडून ९० किलोमीटरांचा कालवा केला. पाणथळी आटल्या, पाखरे उठून गेली. अखेर १९९९ पासून त्या कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे जिवंत करण्याचे काम सुरू झाले. ते २०२१ साली पुरे झाले. मोडायला नऊ वर्षे, सांधायला बावीस!

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने महापूर सोसला. अशा पुरानंतर नद्या खोल-रुंद-सरळ करा, असा आग्रह धरणे सोपे असते. ज्याची जमीन नदीने नेली, त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. पण त्यासाठी नदीचे वळण मोडले, तर साऱ्या गावाच्या विहिरी त्याची किंमत मोजतील.

कयाधू पाहायची तर कार्तिकातच पाहावी. पाऊस सरलेला असतो आणि धार अजून वाहती असते; चैत्रात बहुधा डोहच उरतात. सोबत मुलांना अवश्य न्या. नदीचा नकाशा वहीत काढताना पट्टी लागत नाही, हे त्यांना तेथे आपोआप कळेल.