कोबीतली अळी, डुकराचे मांस आणि मणक्यातला पट्टकृमी

1990-91 च्या सुमाराला न्यूयॉर्क शहरातल्या सनातनी ज्यू कुटुंबांतल्या चौघांना आकडी येऊ लागली. स्कॅनमध्ये मेंदूत गाठी दिसल्या आणि निदान झाले ते डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचे, म्हणजे टेपवर्मचे. धर्मानेच डुकराचे मांस वर्ज्य असलेल्या घरांत हा कृमी आला कुठून? तपासाचा माग घरकामगारांपर्यंत गेला. लॅटिन अमेरिकेतून नुकत्याच आलेल्या काही जणींमध्ये पट्टकृमीच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या. 1992 मध्ये हे प्रकरण ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय होणार?’ हा दिलासा किती पोकळ आहे, हे त्या चौघांनी दाखवून दिले. अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने कृमी थेट मेंदूत जात नाही. तो आतड्यात वाढतो, काही मीटर लांब होतो आणि बहुधा फारसा त्रास न देता वर्षानुवर्षे तिथे राहतो. पूर्ण वाढ झालेला हा कृमी फक्त माणसाच्याच आतड्यात आढळतो. त्याच्या शरीराचे तुकडे हजारो अंडी घेऊन शौचावाटे बाहेर पडतात. शौचानंतर नीट न धुतलेले हात, सांडपाण्यावर पिकवलेली कच्ची भाजी किंवा दूषित पाणी यांतून ही अंडी ज्याच्या पोटात जातील, त्याच्या मेंदूला आणि मणक्याला खरा धोका. पचनरसाने अंडे फुटते, आतला गर्भ आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि स्नायू, डोळा, मेंदू, कुठेही जाऊन पाण्याने भरलेल्या फोडासारखा बसतो.

कोबीबद्दलचा समजही असाच चुकीचा. पानांत दिसणारी हिरवी अळी पतंगाची किंवा फुलपाखराची असते, तिचा पट्टकृमीशी काडीचाही संबंध नाही. कृमीची अंडी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. त्यामुळे अळी काढून टाकली की भाजी निर्धोक झाली, असे मानण्यातच खरी चूक आहे.

काल खाल्लेल्या भाजीने आज आकडी येत नाही. ब्रिटनमध्ये 1961 साली या आजाराच्या 450 रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतले बरेचसे भारतात नोकरी करून परतलेले सैनिक होते आणि अनेकांना पहिला झटका संसर्गानंतर कित्येक वर्षांनी आला होता. जिवंत फोड शरीराच्या प्रतिकारशक्तीला हुलकावणी देत गप्प राहतो. तो मरायला लागला की भोवती सूज येते आणि त्रास सुरू होतो. आकडी आलेल्या रुग्णाला कांदा किंवा चप्पल हुंगवून काहीही साधत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, हा कृमी जिथे पसरलेला आहे तिथल्या अपस्माराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांच्या आजाराचे मूळ त्यातच असते.

मणक्याची गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. मज्जासंस्थेला संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 1 ते 5 टक्के रुग्णांत मणका बाधित आढळतो, म्हणून प्रत्येक पाठदुखीमागे कृमी शोधण्याचे कारण नाही. पण मेंदूच्या तळाशी, मेंदूजलात फोड असलेल्यांचे चित्र वेगळे आहे. पेरूमधल्या लिमा इथल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मणक्याचा एमआरआय केला, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या मणक्यातही कृमी निघाला. बहुतेकदा हे फोड मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात असतात, खुद्द रज्जूच्या आत क्वचितच. कंबरेतून पायात जाणारी कळ, मुंग्या, पायांतले बळ कमी होणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याची लक्षणे. स्लिप डिस्क किंवा मणक्याचा क्षय यांतही हेच दिसते, त्यामुळे निदान हुकते.

‘जंताची गोळी घेतली की झाले’ हा समज सर्वांत घातक. अल्बेंडाझोलने कृमी मरतो हे खरे, पण मरताना तो सूज वाढवतो. मणक्याच्या अरुंद पोकळीत ती सूज मज्जारज्जू दाबू शकते, डोळ्यात असेल तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी डोळे तपासतात, स्टेरॉइड सुरू करतात आणि कधी थेट शस्त्रक्रियेचा निर्णय घेतात. फोड मरून त्याची कॅल्शियमची गाठ झाली असेल, तर तिथे मारायला काही उरलेलेच नसते. तेव्हा लागतात ती फक्त आकडीची औषधे.

हा आजार हटवता येतो. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना व डुकरांना औषध आणि डुकरांना लस दिल्यावर 107 पैकी 105 गावांत प्रसार थांबल्याचे 2016 मध्ये जाहीर झाले. डुकरांसाठीची अशी लस आज हैदराबादेतही तयार होते.

घरात कुणाला शौचातून पांढऱ्या, चपट्या फितीसारखे तुकडे पडताना दिसले, तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा. आतड्यातला कृमी घालवायला बहुधा औषधाचा एकच डोस पुरतो, पण तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.