वाण वाणीचे

मकर संक्रांत जवळ आली की घरोघरी तीळ भाजल्याचा खमंग वास दरवळू लागतो. सुगडांतून ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि गव्हाच्या ओंब्या भरल्या जातात, सुवासिनी वाण लुटतात, आणि लहानथोर एकमेकांच्या तळहातावर तिळगूळ ठेवून गोड बोलण्याची विनंती करतात. आपल्या संसारात सणांना तोटा नाही. कोणत्या दिवशी दिवे लावावेत, कोणत्या दिवशी उपोषण करावे, कोणत्या दिवशी शस्त्रे पुजावीत, हे सारे सणांनीच आपल्याला शिकविले. परंतु माणसाने माणसाशी बोलावे कसे, याची आठवण देणारा सण हाच एक. अन्य सणांत आपण देवाला काही अर्पण करतो. या सणात शेजाऱ्याला शब्द देतो.

तथापि गोड बोलणे म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तोंडापुरते बोलणारेही गोडच बोलतात. मते मागावयास दारी आलेला उमेदवार गोड बोलतो, आणि कर्जाच्या कागदावर अंगठा उमटेपर्यंत सावकारही गोडच बोलत असे. अशा गोडीला आपले शास्त्र गोडी म्हणत नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले: शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. ऐकणाऱ्याच्या मनाला जाळणार नाही, खरे असेल, आवडेल आणि शिवाय हिताचेही ठरेल असे बोलणे, आणि त्याच्या जोडीला स्वाध्याय, हे वाणीचे तप होय. येथे भगवंतांनी 'तप' हा शब्द योजिला आहे, तो सहज नव्हे. तीळ भाजल्याखेरीज आणि गूळ आटविल्याखेरीज तिळगूळ होत नाही. शब्दालाही असाच ताप सोसावा लागतो, आणि तो ऐकणाऱ्याने नव्हे, बोलणाऱ्याने सोसावयाचा असतो.

हा अध्याय आम्ही कीर्तनातून किती वेळा सांगितला असेल, त्याची गणती नाही. परंतु त्याचा अर्थ आम्हांस खऱ्या अर्थाने शिकविला तो बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा येथील एका शेतकऱ्याने.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खामगाव तालुक्यातील या गावी संक्रांतीच्या सुमारास आमची कीर्तने ठरली होती. भोगीची रात्र होती. मांडव भरला होता, थंडी कडाक्याची होती, आणि पूर्वरंगासाठी आम्ही विषय घेतला होता तोही वाणीचाच. त्वष्ट्याची कथा आम्ही रंगात येऊन सांगत होतो. इंद्राने त्वष्ट्याच्या पुत्राचा, विश्वरूपाचा वध केला. संतप्त त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ मांडला आणि आहुती देताना 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारला. शब्द योग्यच होता. शेवटच्या अक्षरावर उदात्त स्वर दिला असता तर त्याचा अर्थ 'इंद्राला मारणारा' असा झाला असता. त्वष्ट्याने स्वर दिला पहिल्या अक्षरावर, आणि अर्थ झाला 'इंद्र ज्याला मारील तो'. त्या यज्ञातून वृत्र उत्पन्न झाला खरा. पण इंद्रानेच त्याला मारले. शब्द तोच, अक्षरे तीच. केवळ स्वर चुकला, आणि बोलणाऱ्याचेच घर बुडाले. वैयाकरणांनी ही कथा शतकानुशतके जपून ठेविली आहे, ती याचसाठी.

नेमक्या याच वेळी आमचे लक्ष खांबाजवळ बसलेल्या एका गृहस्थाकडे गेले. पायांवर चिखल वाळलेला, अंगावर घोंगडी, आणि मान पुढे झुकून डुलक्या चाललेल्या. आमच्या जिभेला मोह आवरला नाही. काही भाग्यवंतांना कीर्तन ऐकावे लागत नाही, त्यांना समाधी आपोआपच लागते, असे काहीसे आम्ही बोललो आणि त्या दिशेला हात केला. सारा मांडव हसला. टाळकरी हसले. तो गृहस्थ दचकून जागा झाला, क्षणभर त्याला काय झाले ते उमगेना. मग घोंगडी सावरून तो उठला आणि खाली मान घालून मांडवाबाहेर गेला. आम्ही कथा पुढे चालविली. कीर्तन उत्तम झाले, असे सर्वांनी सांगितले.

रात्री ज्या घरी आमचा मुक्काम होता, तेथे भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी वाढताना घरच्या वृद्ध आजी म्हणाल्या, "महाराज, राग नका येऊ देऊ. पन त्याच्या वावरातली लाइन रातची असते जी. काल रातभर हरभऱ्याले पानी देलं त्यानं, अन् आज दिवसभर कापूस येचला. तरी कीर्तनाले आला. अन् तुम्ही त्याले हसले."

शेतीपंपाची वीज पाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत, अंधारात, साप-किरडाची तमा न बाळगता शेतकरी दांडावर उभा राहतो. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु माहिती असणे निराळे, आणि बोलण्यापूर्वी ती आठवणे निराळे. आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या घरावर कर्ज होते, आणि गावात चारचौघांत बसणे त्या माणसाने जवळजवळ सोडलेच होते. कीर्तनाला मात्र तो येत असे. म्हणजे ज्या एका ठिकाणी त्याला ताठ मानेने बसता येत होते, तेथूनही आमच्या एका वाक्याने त्याला उठविले होते.

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. त्वष्ट्याची चूक आम्ही मांडवाला समजावून सांगितली आणि त्याच घटकेला तीच चूक केली. मग अंथरुणावर पडल्या पडल्या, आमच्या याच मुलखात शब्दावर ज्यांनी हयात वेचली, ते पुरुष एकेक करून डोळ्यांपुढे उभे राहू लागले.

पहिले आठवले गाडगे महाराज. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे जन्मलेला हा सत्पुरुष ना शाळेत गेला, ना कोणत्या पाठशाळेत. लहानपण मामाच्या शेतात राबण्यात गेले, आणि सावकाराच्या कागदाने शेत कसे जाते तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे गावोगाव फिरून दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम. कर्ज काढून सण करू नका, नवसापायी मुके जीव मारू नका, दारू सोडा, शिवाशीव पाळू नका, पोरांना शाळेत घाला, असे ते वऱ्हाडी बोलीत रोखठोक सांगत. त्यांचे बोलणे कडक होते. पण त्यांची रीत निराळी होती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. हसे होई ते खुळ्या रूढीचे, आणि त्या हसण्यात ती रूढी पाळणारा स्वतःही सामील होत असे. मांडवातून उठून जावे असे कोणाला वाटत नसे. शिवाय ज्याने सकाळी आपल्या अंगणातला केर काढला, त्याचे रात्रीचे बोल कोणाला झोंबणार? खराट्याने त्यांनी बोलण्याचा अधिकार आधी मिळविला होता.

त्यानंतर लोकमान्य आठवले. 1908 साली अकोल्याच्या शिवजयंती उत्सवात लोकमान्यांचे व्याख्यान झाले आणि शेगावचे श्रीगजानन महाराज त्या सभेस उपस्थित होते, हा प्रसंग दासगणू महाराजांच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथामुळे वऱ्हाडातील घराघरांत पारायणाने पोहोचला आहे. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला. आपला बचाव त्यांनी स्वतः केला, आणि त्यांचे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. लिहिलेला शब्द मागे घेऊन सुटका मागण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. सहा वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा त्यांनी मंडालेच्या तुरुंगात भोगली, आणि तेथूनच 'गीतारहस्य' घेऊन ते परतले. दिलेल्या शब्दाची किंमत स्वतः मोजावयाची असते, हा त्या खटल्याचा धडा.

तिसरे आठवले साने गुरुजी. पंढरीच्या विठुरायाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव सभा घेतल्या, लोकांना हात जोडून विनविले. एवढ्यानेही दार उघडेना, तेव्हा 1 मे 1947 रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणास बसले. 10 मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. विरोधकांविषयी कटू शब्द न बोलता त्यांनी आपल्या शब्दामागे आपला देह उभा केला. शतकांचे कुलूप निघाले ते अशा शब्दाने.

या तिघांपुढे आम्ही कोण? परंतु एक गोष्ट लख्ख दिसली. या तिघांच्या वाणीत बळ होते, कारण तिची किंमत ते स्वतः देत होते. आमच्या विनोदाची किंमत मात्र आमच्याऐवजी खांबाजवळच्या त्या माणसाने दिली होती. खामगावच्या बाजारातील चांदी तिच्या शुद्धतेसाठी ओळखली जाते; तेथे कस लावल्याशिवाय चांदी कोणी घेत नाही. शब्दालाही हाच कस लावावा: हा बोलल्याने भार कोणावर पडेल, माझ्यावर की समोरच्यावर?

दुसरे दिवशी, संक्रांतीच्या सकाळी, आम्ही त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याने ओसरीवर पोते अंथरले, पाणी दिले. आम्ही त्याच्या हातावर तिळगूळ ठेविला आणि चुकलो, क्षमा असावी, असे म्हणालो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुम्ही घरी आले, माह्यासाठी एवढं लय झालं, महाराज. पन माहा पोरगा मांडवात होता जी. त्यानं आयकलं."

वाचकहो, आमच्या आयुष्यात आम्ही पुष्कळ शास्त्रार्थ ऐकले. याहून नेमका एकही ऐकला नाही. अपमान मांडवात झाला होता, आणि क्षमा मागावयास आम्ही ओसरीवर गेलो होतो. चारचौघांत गेलेला शब्द चारचौघांतच परत घ्यावा लागतो. ओसरीवर मागितलेल्या क्षमेने आमचे मन हलके झाले असते. त्या मुलाच्या डोळ्यांसमोर खाली गेलेली बापाची मान वर आली नसती.

त्या संध्याकाळी कीर्तनास उभे राहताच, नमनानंतर आम्ही वीणा खाली ठेवण्यास सांगितली. काल या व्यासपीठावरून एका कष्टकऱ्याचा अपमान झाला, तो आम्ही केला, आणि त्वष्ट्याची कथा सांगण्याचा काल आम्हांस अधिकार नव्हता, असे सांगून आम्ही मांडवाला साष्टांग नमस्कार घातला. वार्धक्यात तो घालणे गुडघ्यांना सोपे नव्हते. पण त्याहून अवघड होते ते सारे मांडवासमोर बोलणे. हसणारे सगळे त्या दिवशी स्तब्ध बसले होते. तो गृहस्थ मात्र आला नव्हता. त्याच्या वावरात पाणी देणे त्या रात्रीही चालूच होते. त्याचा मुलगा पुढच्या रांगेत होता. तिळगूळ वाटताना तो समोर आला तेव्हा आम्ही म्हणालो, "बाळ, घरी गेल्यावर बाबांना सांग." त्याने मान हलविली आणि विचारले, "बाबांसाठी वेगळा देता का?" आम्ही दिला.

तिसऱ्या दिवशी, किंक्रांतीला, आम्ही परत निघालो. एसटी सुटण्याच्या बेतात असताना कोणीतरी खिडकीतून हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्यांची एक जुडी आत सरकविली. वळून पाहिले तो घोंगडी दिसली, आणि हात जोडलेले दिसले. बोलणे झाले नाही.

आज काळ असा आहे की मांडवातला शब्द मांडवात राहत नाही. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. आपला एक टोमणा घटकेत गावोगाव फिरतो, आणि ज्याच्यावर तो केला त्याच्या मुलाच्या हातातही जाऊन पोहोचतो. वक्त्यांनी, पुढाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि आम्हां कीर्तनकारांनी तर हे विसरूच नये. पण घराघरांतील वडीलधाऱ्यांनीही विसरू नये. सुनेला पाहुण्यांदेखत लावलेला बोल, मुलाच्या गुणपत्रिकेवरून शेजाऱ्यांत काढलेले उद्गार, कर्जबाजारी भावाला पंगतीत मारलेला टोमणा, हे सारे चारचौघांतलेच शब्द होत. खचलेला माणूस पुष्कळदा एखाद्या शब्दाने उठतो, आणि एखाद्या शब्दाने बसतोही.

यंदा तिळगूळ देताना पुढच्या दिवसांसाठी गोड बोलण्याची विनंती जरूर करावी. परंतु त्याआधी मागल्या वर्षात आपण कोणाला, कोणासमोर काय बोललो ते आठवावे. आणि जेथे बोललो, तेथेच, त्याच माणसांसमोर, तो पहिला तिळगूळ द्यावा. संक्रांतीला वाण पुष्कळ लुटली जातात. वाणीचे वाण हेच त्यांत मोलाचे.

सर्व वाचकांच्या मुखी सत्य, प्रिय आणि हितकर वाणीचा वास असो, हीच श्रीचरणी प्रार्थना.