झोपाळा टांगण्यापूर्वी वर बघा

नव्या ब्लॉकमध्ये झोपाळा हवा, ही आपली केवढी हौस! पितळी कड्या, सागवानी पाट, त्यावरच्या गाद्या, सारं कसं चार दुकानं हिंडून पारखून घेतो. पण तो वर कशाला नि कसा अडकवायचा, हे मात्र मिस्त्रीवर सोपवून मोकळ्या होतो. "वहिनी, हत्ती बसला तरी हलायचा नाही," असं तो म्हणणारच. त्याला विचारा, हत्ती राहू द्या, भोक किती खोल पाडलंत?

हिशेब करून बघा. दोघी 60 किलोच्या आणि पाट-कड्या 30 किलोच्या, म्हणजे झाले 150. मुलं जोरात झोके घेतात तेव्हा कड्या उभ्या रेषेपासून 60 अंशांपर्यंत गेल्या, तर परत खाली येताना वरच्या बोल्टांवरची ओढ दुप्पट होते. म्हणजे 300 किलो! तेही एकदा नव्हे, दर झोक्याला.

लाकडी तुळई असेल तर नुसता आट्यांचा हूक पिळून बसवू देऊ नका. तो लाकडाच्या धाग्यांना धरून असतो; लाकूड वाळलं, चिरलं की निसटतो. बोल्ट तुळईतून आरपार जायला हवा आणि वरच्या बाजूला जाड लोखंडी पट्टी घालून त्यावर नट हवा.

स्लॅब ओततानाच सळयांना हूक बांधून घेतला असेल तर उत्तमच. नसेल तर अँकर फास्टनर. नट आवळला की त्याची नळी भोकात फुगून काँक्रीटला घट्ट धरते. म्हणून भोक अगदी त्याच मापाचं हवं, आतली भुकटी फुंकून काढलेली हवी आणि पकड गिलाव्यात नव्हे, काँक्रीटमध्ये हवी. तसबिरीसाठी वापरतात तो प्लॅस्टिकचा प्लग इथे मुळीच चालायचा नाही, आणि पीओपीच्या छताचा तर विचारच नको. प्रत्येक हुकाला चार फास्टनरची पट्टी घ्या. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, स्टेनलेस स्टीलचंच सामान घ्या, बरं का.

झोक्यांच्या हादऱ्यांनी नट हळूहळू सैल होतो, तेव्हा स्प्रिंग वॉशर घालायला सांगा. महिन्यातून एकदा स्टुलावर चढून (किंवा यजमानांना चढवून!) पाहा. पट्टीभोवती चीर, झोपाळ्याखाली फरशीवर पांढरी भुकटी, कडीला घासून पडलेली खाच, यांतलं काहीही दिसलं तर झोपाळा त्याच दिवशी उतरवा. करकर ऐकू आली की आपण तेल सोडतो. तेलाने आवाज थांबतो, झीज भरून येत नाही.

पावसाळ्यात जिथे स्लॅब गळतो तिथे तर टांगूच नका. आतल्या सळया गंजून फुगतात नि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. अशा घरात लोखंडी चौकटीचा, जमिनीवर उभा राहणारा झोपाळा बरा.

नवा झोपाळा टांगला की पहिला मान मुलांना देऊ नका. खाली गाद्या अंथरा, पाटावर तांदळाची पोती रचा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा वर बघा.