मोरजीच्या किनाऱ्यावरून दिसलेला रशिया

परदेशवारी करून आलेल्या माणसाला दोन देशांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. तिकडची स्वच्छता, तिकडची शिस्त आणि मग ओघानेच इकडचा गलथानपणा, अशा चढत्या क्रमाने तो बोलत जातो आणि श्रोतेही माना डोलावतात. मी आजवर रशियाला गेलेलो नाही, त्यामुळे तशा लेखनाचा मला अधिकार नाही. माझ्या बाबतीत उलटे घडले. रशियाच मोरजीला आला आणि गेली वीसएक वर्षे तो हिवाळ्यात माझ्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसत आला आहे. त्या बाकावरून मला जे दिसले, आणि एकदा जे दिसायला हवे असूनही दिसले नाही, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणां सर्वांसमोर ठेवतो.

मोरजी हे श्रीदेवी मोरजाईचे गाव. शापोरा नदी जेथे समुद्राला मिळते तेथला तेंब, रापणीचे होडे, माडांची भाटे आणि थंडीच्या रात्री वाळूत अंडी घालायला येणारी कासवे, एवढीच गावाची ओळख होती. आपला पेडणे महाल सावंतवाडीकरांकडून १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला. नव्या काबिजादीतला असल्यामुळे त्याच्या देवळांना आणि भाषेला जुन्या काबिजादीसारखा धक्का बसला नाही. चोपडे आणि शिवोली यांच्यामध्ये फेरीबोट होती तोवर बार्देशचे जगही आम्हांला दूर वाटे. पुढे पूल झाला, दाबोळीवर रशियाहून चार्टर विमाने उतरू लागली आणि पाहता पाहता मोरजी-आश्वेच्या हॉटेलांवर, औषधांच्या दुकानांवर, भाड्याच्या स्कूटरींच्या फलकांवर रशियन लिपी झळकू लागली. मराठी आणि कोकणीवरून वाद घालणाऱ्या गावात तिसरीच लिपी येऊन बसली.

दोन ऋतू, दोन बेगमी

रशियाचे क्षेत्रफळ १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेचौदा कोटींच्या आसपास. म्हणजे चौरस किलोमीटरमागे जेमतेम आठ-नऊ माणसे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची घनता ३९४ होती. सैबेरियातल्या नोवोसिबिर्स्क शहरात जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६-१७ अंश असते. मॉस्कोत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सात तासांचा, तर आपल्याकडे त्याच दिवशी अकरा तासांहून अधिक काळ ऊन असते. ज्या उन्हाला आपण छत्री धरतो, त्या उन्हासाठी ही माणसे हजारो किलोमीटर उडून येतात आणि पहिल्याच दिवशी पाठ भाजून माझ्याकडे मलम मागायला येतात.

घरांतला फरकही या हवेतून आलेला आहे. आपल्या जुन्या घराला सोपा आहे, पडवी आहे, राजांगण आहे. दिवसा दार बंद दिसले तर शेजारी काळजीने विचारपूस करतो. त्यांचे घर दुहेरी खिडक्यांचे. शहरांतील लाखो कुटुंबे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उभारलेल्या पाचमजली, बिनलिफ्टच्या इमारतींतील छोट्या सदनिकांत वाढली. सार्वजनिक भट्टीतून नळांवाटे येणारी ऊब साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घर जिवंत ठेवते. दार उघडे टाकणे हा तेथे अविचार ठरेल. पण ज्याला एकदा आत घेतले, त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून मध्यरात्रीपर्यंत मन मोकळे करण्याची त्यांची रीत आहे. आपला सोपा सर्वांसाठी असतो, त्यांचे स्वयंपाकघर मोजक्यांसाठी असते.

एके वर्षी एका रशियन आजीबाईंना मी मीठ कमी करण्याचा सल्ला दिला. रक्तदाब वाढलेला होता. त्यांनी दाचाची, म्हणजे गावाबाहेरच्या आपल्या छोट्या बागायतीघराची, छायाचित्रे काढून दाखवली. फळीवर ओळीने बरण्या : खारवलेल्या काकड्या, आंबवलेला कोबी, अळंबी, टोमॅटो, तळघरात बटाट्यांची पोती. मीठ सोडले तर हिवाळ्यात खायचे काय, असा त्यांचा सवाल होता. माझ्या डोळ्यांपुढे आईचे पुरुमेंत उभे राहिले : सुके बांगडे, खारे, सोले, चेपणीची तोरे, मडक्यातले मीठ. मडगावला तर मे महिन्यात पुरुमेंताचे फेस्तच भरते. आपण चार महिन्यांच्या पावसाला भितो, ते सहा महिन्यांच्या थंडीला. भीतीचा ऋतू वेगळा, बरणी मात्र तीच आणि रक्तदाबही तोच!

न हसणारी माणसे

तरीही गावात पहिली काही वर्षे एकच तक्रार होती, की ही माणसे तुसडी. दुकानात शिरतात, बोटाने वस्तू दाखवतात, ना हसणे ना बोलणे. पुढे त्यांच्यापैकी काहींशी परिचय वाढला तेव्हा उलगडा झाला. कारणाशिवाय हसणे हे मूर्खपणाचे लक्षण, अशा अर्थाची म्हणच त्यांच्याकडे आहे. अनोळखी माणसाकडे पाहून हसलात तर तो कपडे नीट आहेत ना हे तपासतो. त्यांचीही आमच्याविषयी तक्रार होती. भाड्याच्या खोलीतला नळ दुरुस्त करणारा ‘फाल्यां येतां’ म्हणून गेला, तो तीन दिवस फिरकला नाही. खोटे कशाला बोलावे? आपल्याकडे समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे हा अपमान, म्हणून आपण ‘पळोवया’ म्हणतो आणि ते समजून घेण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतो. त्यांच्याकडे ‘नाही’ म्हणणे हाच प्रामाणिकपणा. दोघेही आपापल्या परीने सभ्य आणि दोघेही एकमेकांना असभ्य वाटणारे.

आणि साम्ये? ती शोधायला फार लांब जावे लागत नाही. रशियन माणसाला आदराने हाक मारायची तर नावापुढे वडिलांचे नाव जोडतात. आपले मधले नाव तेच सांगते. उंबरठ्यावर उभे राहून ते हात मिळवत नाहीत. आपली आजीही उंबरठ्यावर बसू देत नसे. प्रवासाला निघण्यापूर्वी सामानासह क्षणभर गप्प बसण्याची त्यांची प्रथा आहे. आपण निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. आपली बंधुवाचक ‘भ्राता’ आणि त्यांचा ‘ब्रात’, आपले ‘द्वार’ आणि त्यांचे ‘द्वेर’, हे शब्द एकाच घराण्यातले आहेत. हिवाळ्याला ते ‘झिमा’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की हा शब्द आणि आपले ‘हिम’ यांचे मूळ एक. म्हणजे आपण वैद्यकीय अहवालात ‘हिवताप’ लिहितो, तेव्हा नकळत रशियन हिवाळ्याचाच सगोत्र शब्द वापरत असतो.

या दोन लोकांची ही पहिली भेटही नव्हे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षे आधी चौलला उतरला, जुन्नरला चिखलपावसाचे दिवस काढून बिदरपर्यंत गेला आणि अखेर दाभोळहून परतला. लोक आपल्या गोऱ्या रंगाकडे पाहत मागून चालतात, हे त्याने नोंदले आहे. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. उलट दिशेने १९६१ साली अण्णा भाऊ साठे रशियाला गेले आणि त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला; २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

स्वभाव की परिस्थिती?

डॉक्टर मित्रहो, आता आपल्या विषयाकडे येतो. रशियन क्रांतीनंतर १९१८ साली निकोलाय सेमाश्को आरोग्यमंत्री झाले. त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेत प्रत्येक वस्तीला पॉलिक्लिनिक आणि खेड्याला वैद्यकीय साहाय्यक नेमला गेला. उपचार मोफत. आपल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. त्या समितीच्या सल्लागारांत सोव्हिएत आरोग्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिणारे हेन्री सिगरिस्ट होते. पुढे १९७८ ची प्राथमिक आरोग्यसेवेची जागतिक घोषणा झाली, तीही सोव्हिएत संघातल्या आल्मा-आत्यात. आजही रशियात हजार लोकांमागे चारच्या आसपास डॉक्टर आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. आपल्याकडे हे प्रमाण हजारी एकच्या आसपास घुटमळते.

इतके डॉक्टर असूनही पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये गोर्बाचोव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली आणि १९८७ च्या सुमारास रशियन पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६५ वर्षांच्या जवळ गेले. मोहीम ढिली पडली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला; नोकऱ्या, निवृत्तिवेतन, बचत, सारे एकदम गेले. १९९४ मध्ये तेच आयुर्मान ५८ च्याही खाली आले. त्याच वर्षी रशियन स्त्रीचे आयुर्मान ७१ होते. पुढे दारूवरचे कर वाढले, रात्रीच्या विक्रीवर बंधने आली, जीवनमान सावरले आणि २०१९ मध्ये पुरुषांचा आकडा ६८ च्या पुढे गेला.

‘रशियन म्हणजे पिणारच, त्यांचा तो राष्ट्रीय स्वभाव’ असे आपण सहज म्हणतो. पण कुठल्याही राष्ट्राचा स्वभाव सात वर्षांत बदलत नाही आणि माणसे मात्र सात वर्षांत मरू लागली. बदलली ती परिस्थिती. हाच न्याय आपल्यालाही लावायला हवा. पर्यटन पत्रिकांनी गोंयकाराला ‘सुशेगाद’ ठरवून टाकले आहे. पहाटे तीनला रापणीला जाणारा, वायंगणात पाय रोवून उभी असलेली, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन वाडा पालथा घालणारी, यांतले कोण सुशेगाद? आणि आपल्याकडची स्वस्त दारू, तिच्यामुळे यकृत गमावून आपल्यासमोर येणारे चाळिशीतले पुरुष, हाही ‘गोव्याचा स्वभाव’ म्हणून आपण सोडून देणार काय?

एक चूक

हे सारे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. २००० च्या दशकाच्या अखेरची एक जानेवारीची संध्याकाळ. दवाखाना भरलेला. नोवोसिबिर्स्कचा एक चाळिशीचा गृहस्थ खुर्चीत येऊन बसला. सोबत थोडे इंग्रजी येणारी पत्नी. दोन दिवस पोट दुखत होते, आज दुपारपासून कमी आहे, असे तिने सांगितले. त्याचा चेहरा निर्विकार. त्याच्या आधी आमच्याच वाड्यावरचा एकजण वायूने पोट फुगले म्हणून कण्हत आला होता. त्याला मी टेबलावर झोपवून पाच मिनिटे तपासले होते. या शांत माणसाच्या पोटावर मी बसल्या जागीच हात फिरवला, गोळ्या लिहून दिल्या आणि उद्या या म्हटले.

तो रात्रीच आला, तापाने फणफणलेला, पोट लाकडासारखे कडक. आंत्रपुच्छ फुटले होते. दुपारपासून कमी झालेली वेदना ही त्याचीच खूण होती आणि हे कुठल्याही शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ओळखले असते. मी ते ओळखले नाही, कारण मी त्याचे पोट न तपासता त्याचा चेहरा तपासला होता. शस्त्रक्रिया झाली, दहा-बारा दिवसांनी तो बरा झाला. रुग्णालयात त्याला भेटायला गेलो आणि एवढे दुखत असताना बोलला का नाहीस, असे मी विचारले. पत्नीमार्फत उत्तर आले : दुखण्याचा गाजावाजा आमच्याकडे करत नाहीत, शिवाय वाटले, डॉक्टर पाहतीलच.

‘डॉक्टर पाहतीलच’ हे दोन शब्द आजही माझ्या कानांत आहेत. त्यांत रागही नव्हता. लहानपणापासून पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरणीने आडवे झोपवून तपासलेल्या माणसाचा तो साधा विश्वास होता.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. २०१४ अखेर रूबल घसरला आणि शॅकवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. २०२० च्या टाळेबंदीत अडकलेल्या रशियनांना नेण्यासाठी खास विमाने आली. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले आणि विमाने पुन्हा थांबली. त्या वर्षी बाकावर बसणाऱ्यांत रशियन होते तसे युक्रेनीही होते. दोघांच्याही रक्तदाबाचे आकडे सारखेच वर गेलेले होते. २०२३ पासून आपल्याच तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला आहे, तेव्हा कोण कोण येईल ते सांगवत नाही.

येणारा कुठल्याही देशाचा असो, माझा नियम आता एकच आहे. हसरा असो वा दगडी चेहऱ्याचा, कण्हणारा असो वा गप्प, पोट दुखते म्हणणाऱ्याला टेबलावर आडवे करायचे, सदरा वर करायला सांगायचे आणि हात गरम करून त्याच्या पोटावर ठेवायचा. त्याच्या देशाच्या स्वभावाची चर्चा नंतर, औषध लिहून झाल्यावर, वेळ उरलाच तर.