चित्रातले घर आणि पावसातले घर



आजचा विषय आहे ‘कल्पनेतली वास्तू’. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने घरबांधणीवर का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. शंका रास्त आहे. सिमेंट किती आणि सळई किती हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा प्रांत नव्हे. पण गेल्या तीन-चार वर्षांत एक नवी गोष्ट घराघरांत आली आहे. मोबाईलवर दोन ओळी लिहायच्या: ‘डोंगराच्या पायथ्याशी काचेचं घर, मागे धबधबा, आत लाकडी जिना’. मिनिटभरात त्या घराचे चित्र समोर हजर. कृत्रिम बुद्धिमत्तेने, म्हणजे आपण ज्याला एआय म्हणतो त्याने, केलेले हे चित्र. दिसते इतके खरे, की बघणारा विचारतो, ‘हे आहे कुठं?’ ते कुठेच नसते.

हा विषय नेरळात बोलण्यासारखा आहे, कारण मुंबईच्या माणसाला दुसरे घर हवे असते ते याच पट्ट्यात, नेरळ, कर्जत, खालापुरात. कोणी निवृत्तीचा फंड त्यात घालतो, तर इथला कोणी भाताचे खाचर विकून आलेल्या पैशांतून जुने घर पाडून नवे बांधायला निघतो. दोघांच्याही हातात आज आधी चित्र येते, पाया नंतर. आयुष्याची पुंजी चित्राकडे बघून खर्च होणार असेल, तर चित्राला काय कळते आणि काय कळत नाही, हे आधी तपासायला हवे. आमचा प्रांत आहे तो एवढाच.

आता, न बांधलेल्या इमारतींची चित्रे काढणे हे काही नवे नाही. फ्रान्समध्ये एतिएन-लुई बुले नावाचा वास्तुकार होता. त्याने १७८४ साली न्यूटनच्या स्मारकाची कल्पना कागदावर उतरवली. सुमारे दीडशे मीटर उंचीचा एक पोकळ गोल, आणि त्याच्या कवचाला अशी भोके, की भर दिवसा आत उभ्या राहिलेल्या माणसाला वर तारांगण दिसावे. त्या काळच्या साधनांनी ते बांधणे शक्यच नव्हते. बांधलेही गेले नाही. तरी वास्तुकलेच्या इतिहासात ते चित्र आजही अभ्यासले जाते, कारण रिकाम्या जागेतून माणसाला विश्वाची जाणीव करून देता येईल, हा विचार त्याने दिला. ते चित्र खोटे होते का? नाही. विचार म्हणून मांडलेले चित्र खोटे नसते. बुलेने त्यातला गाळा कोणाला विकला नव्हता!

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये कर्जतजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘लगान’, ‘देवदास’ अशा चित्रपटांचे कला दिग्दर्शन करणारा आणि चार वेळा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा कलावंत. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. २००८ च्या ‘जोधा अकबर’साठी त्यांनी या आपल्या मातीत मोगल दरबार उभा केला. आग्र्याचा किल्ला आणि मागे सह्याद्री! आता सेट म्हणजे काय? लाकूड, प्लाय, प्लॅस्टर, फायबर. समोरून महाल, मागे जाऊन पाहावे तर परांची. पण त्यात फसवणूक नाही. सेटला एकाच डोळ्याला उत्तर द्यायचे असते, कॅमेऱ्याला. कॅमेरा जिथून बघणार नाही तिथे रंग लावायचा नाही, हा सेटचा धर्मच आहे. दरबारात कोणी रात्री झोपणार नसतो, आणि तिथे कोणाला चूल मांडायची नसते.

आमचे म्हणणे असे, की एआयने दिलेले घराचे चित्र हे घराचे नसून सेटचे चित्र असते. ते कसे, हे समजायला यंत्राची रीत थोडी पाहू.

या यंत्राला कोट्यवधी चित्रे आणि त्यांखालची वर्णने दाखवलेली असतात. शिकवताना चित्रावर हळूहळू मुंग्या पसरवायच्या. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण गेले की दिसायच्या ना, तशा. मग त्या मुंग्या काढून मूळ चित्र ओळखायला यंत्राने शिकायचे. हे असंख्य वेळा झाले, की त्याला नुसत्या मुंग्यांचा पडदा आणि तुमच्या दोन ओळी द्यायच्या. ते पायरीपायरीने मुंग्या निवळत नेते आणि त्या वर्णनाशी जुळणारे चित्र बाहेर येते. सर्वसामान्यांना २०२२ सालापासून ही साधने सहज मिळू लागली. विलक्षण गोष्ट आहे, यात वाद नाही. पण या रीतीत वजनाचा हिशेब कुठे आला? पश्चिम कुठली, हे त्याला कुठे कळले? खांबाची छाया कशी पडते ते त्याला ठाऊक आहे, पण खांब कशासाठी असतो हे ठाऊक नाही. इमारतीचे गणित करणारी सॉफ्टवेअर असतात, पण ती वेगळी. हे चित्र ‘असे घर असेल तर कसे दिसेल’ एवढेच सांगते. ‘असे घर असू शकेल का’ हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

आम्हाला इथे प्लेटोची आठवण होते. ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात त्याने पलंगाचे उदाहरण घेतले आहे. एक पलंगाची मूळ कल्पना, दुसरा सुताराने केलेला पलंग आणि तिसरा चित्रकाराने रंगवलेला. चित्रकार पलंगाची एक बाजू दाखवतो, तीही एका जागेवरून दिसणारी. पण प्लेटो तिथेच एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तो म्हणतो, कोणत्याही वस्तूच्या बाबतीत माणसे तीन: वापरणारा, बनवणारा आणि चित्र काढणारा. खरे ज्ञान असते वापरणाऱ्याकडे. बासरी चांगली की वाईट हे वाजवणारा सांगतो आणि करणाऱ्याने ते ऐकायचे. चित्र काढणाऱ्याला यातले काहीच माहीत असण्याची गरज नसते.

प्लेटोने कलावंतांवर अन्याय केला, हे मान्य. पण घराला ही उतरंड चपखल बसते. सर्वांत वर राहणारा, मग कारागीर आणि शेवटी चित्र. आज आपण ती नेमकी उलटी करू लागलो आहोत. चित्र ठरवते, कारागिराने ते कसेबसे उभे करायचे आणि राहणाऱ्याने जन्मभर जुळवून घ्यायचे.

मग कल्पनेला पंखच नकोत का? तसे नाही. सिडनीचे ऑपेरा हाऊस पाहा. डेन्मार्कच्या योर्न उत्झनने १९५७ साली ती स्पर्धा जिंकली ती रेखाचित्रांवर. शिडांसारखी ती छपरे कागदावर सुंदर होती, पण त्यांना भूमितीच नव्हती. ती कशी बांधायची हे कोणालाच माहीत नव्हते. अभियंते काही वर्षे झगडले. शेवटी तोडगा सापडला: सगळी छपरे एकाच मोठ्या गोलाचे तुकडे माना. मग एकाच वक्रतेचे भाग साच्यातून काढता येतात. इमारत पुरी झाली १९७३ मध्ये. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि उत्झन १९६६ मध्येच काम सोडून निघून गेला होता. आता यात कल्पना कुठे होती? पहिल्या रेखाचित्रात होती, तशीच ती ‘एकच गोल’ या शोधातही होती. कांट म्हणतो तसे, पाहिलेले पुन्हा मनासमोर आणणारी कल्पनाशक्ती एक आणि अनुभवाला आकार व नियम देणारी दुसरी. पहिल्या प्रकारच्या कामात यंत्र आज आपल्या पुढे गेले आहे. दुसरे काम हाताला माती लागल्याशिवाय होत नाही.

ऑस्ट्रेलियापर्यंत जायचीही गरज नाही. नेरळ स्टेशनात उभे राहून वर बघा. माथेरानची छोटी गाडी ही सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याची कल्पना, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती पुरी केली. काम सुरू झाले १९०४ मध्ये आणि गाडी धावली १९०७ मध्ये. नकाशावर नेरळहून माथेरान जवळ आहे, पण गाडी सुमारे २१ किलोमीटर फिरते. का? डोंगर सरळ चढू देत नाही. म्हणून रूळ दोनच फूट रुंदीचे आणि वळणे घोड्याच्या नालासारखी. ती वळणे कोणाच्या सौंदर्यदृष्टीने काढलेली नाहीत, चढाने काढली आहेत. आज मात्र त्यांचेच फोटो निघतात! आणि २००५ च्या जुलैतल्या पावसाने हा मार्ग असा उद्ध्वस्त केला, की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. बांधलेली गोष्ट एकदा बांधून संपत नाही, ती राखावी लागते. चित्राला हे बंधन नाही.

आता पावसाचेच बोलू. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नैर्ऋत्येकडून झड येते, ती नुसती वरून पडत नाही, आडवी मारते. एआयच्या चित्रातल्या घराला बहुधा सपाट छप्पर असते, भिंतभर काच असते आणि आकाश निळे असते. फार तर दोन शोभेचे ढग. पागोळ्या कुठे पडतील, ओल्या छत्र्या-चपला कुठे ठेवायच्या, कपडे कुठे वाळायचे, बुरशी कुठल्या कोपऱ्यात धरेल, हे त्यात नसते.

याची उत्तरे ज्यांच्याकडे होती, त्यांची घरे आठवा. आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर कुडाच्या भिंती असतात. रानातून कारवीच्या काठ्या आणायच्या, त्या उभ्या लावून आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा. छपराची पाखी खाली उतरलेली, म्हणजे झड भिंतीला लागत नाही. जोते उंच, पुढे ओटा. भिंतीचा तुकडा गेला तर पावसाळ्यानंतर तेवढाच नवा करायचा. हे गरिबीचे घर म्हणून आपण बाजूला टाकले. गरिबी होतीच, तिचे कौतुक नको. पण त्यात शतकांची पारख होती, तिचे काय?

इथे यंत्राची एक मोठी मर्यादा दिसते. ते शिकते फोटोंवरून. मासिकांतल्या, जाहिरातींतल्या घरांचे फोटो अमाप आहेत. कुडाच्या घराचे किती आहेत? आणि पाखे भिंतीपासून किती पुढे असावे हे ज्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे, ते तर कुठे लिहिलेलेच नाही. ज्याचा फोटो नाही, ते यंत्राच्या स्वप्नातही येत नाही. उद्या आपण सगळेच त्याच्या स्वप्नातून घरे निवडू लागलो, तर नेरळचे घर आणि जगातले कुठलेही घर यांत फरक उरणार नाही. पाऊस मात्र नेरळचाच पडेल.

याचा अर्थ जुने तेच धरून बसा, असा नाही. ज्याला आपण ‘आपले पारंपरिक’ म्हणतो ते मंगलोरी कौल तरी कुठे सनातन आहे? बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळुरात त्याचा कारखाना काढला. आपल्या लोकांनी ते स्वीकारले, कारण ते पावसात टिकले. नवे जरूर यावे, पण या परीक्षेला बसून यावे.

तेव्हा एआयची चित्रे वापरायची कशी? आम्ही म्हणू, घराच्या आत मोकळेपणाने वापरा. भिंतीचा रंग, पडदे, कपाटांची मांडणी, दिव्यांची जागा यांत चूक झाली तरी सुधारता येते. शिवाय घरातल्या ज्या व्यक्तीला आजवर कोणी विचारलेच नाही, त्या सुनेला किंवा आजीला ‘मला ओटा असा हवा’ हे चित्रातून दाखवता येते. शब्दांत न मांडता येणारे मांडता आले, हा मोठा लाभ आहे. पण कॉलम, बीम, छप्पर, उतार यांना हात लागला, की चित्र बाजूला ठेवून अभियंत्याला आणि गवंड्याला बोलवा.

आणि चित्र जेव्हा विक्रीला येते, तेव्हा कायदा आपल्या बाजूने आहे हे विसरू नका. २०१६ च्या रेरा कायद्याचे बारावे कलम सांगते, की जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या चुकीच्या माहितीवर भरवसा ठेवून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल, तर पैसे व्याजासह परत. म्हणून जाहिरात जपून ठेवा आणि महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा आठपर्यंत घरांचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात. फार्महाऊसच्या छोट्या योजना पुष्कळदा अशाच असतात. तिथे डोळे आपलेच उघडे हवेत.

शेवटी एकच विनंती. चित्र आवडले असेल तर ते घेऊन जुलैत जागेवर या. मे महिन्यात नव्हे, जुलैत. छत्री घेऊन तासभर उभे राहा. पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते बघा, शेजारच्या वाडीतल्या जाणत्या माणसाला विचारा, आणि मग चित्राकडे पुन्हा एकदा पाहा. त्यातले जे तेव्हाही हवेसे वाटेल, ते खुशाल बांधा.

इथे आम्ही थांबतो.