ठिपक्यांच्या झग्यातली मुलगी

हैदराबादच्या पी. व्ही. सिंधूने 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा तिचे कौतुक करणाऱ्यांत निळ्या केसांची एक चिमुरडीही होती. त्याच शहरातल्या सुलतान बाजार-काचीगुड्याच्या मराठी घरांतील लहानथोर जिला चेहऱ्याने ओळखतात, ती ही अमूलची मुलगी पन्नाशी केव्हाच ओलांडून गेली, तरी तिचे बाल्य अबाधित आहे.

तिचा जन्म 1966 सालचा, मुंबईतला. खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा जो सहकारी संघ 14 डिसेंबर 1946 रोजी सरकारदप्तरी नोंदला गेला, त्याच्या ‘अमूल’ लोण्याला बाजारात पॉलसनच्या लोण्याशी सामना होता. पॉलसनच्या जाहिरातीत एक मुलगी होतीच, म्हणून अमूलच्या जाहिरातींचा कारभार हाती येताच सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी तिच्या तोडीची खोडकर पोर निर्माण केली. त्या काळी रस्त्यावरचे फलक हातानेच रंगवले जात आणि ते वारंवार बदलावे लागत; तेव्हा रंगाऱ्याला सहज काढता येईल आणि पाहणाऱ्याच्या मनात ठसेल अशीच आकृती हवी होती. वर बांधलेला केसांचा झुबका, टपोरे डोळे, झग्यावरचे ठिपके, एवढ्यात ती पुरी होते.

परंतु केवळ रेखाटनाच्या बळावर ती इतकी वर्षे टिकली नसती. अमूलचे सूत्रधार डॉ. वर्गीस कुरियन यांनी डाकुन्हांना पूर्वमंजुरीवाचून फलक लावण्याची मुखत्यारी दिली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत थोर निर्णय हाच होय. कारण हुजुरांच्या शिक्क्याची वाट पाहत बसणाऱ्याला ताज्या घटनेवर ताजे भाष्य करता येत नाही. आणीबाणीत, 1976 साली, सक्तीच्या नसबंदीने देश धास्तावला असता हीच मुलगी हाती लोण्याचे तबक घेऊन फलकावर उभी राहिली आणि आमच्याकडे निर्जंतुकीकरण सक्तीचेच असते, अशा अर्थाचा, नसबंदी आणि निर्जंतुकीकरण दोन्हींना लागू पडणाऱ्या इंग्रजी शब्दावरचा श्लेष करून गेली. भल्याभल्यांनी तोंड मिटून घेतलेल्या त्या दिवसांत हे धैर्य लहान नव्हते.

पुढे तिच्या शब्दांना आणि रेषांना मराठी हातही लाभले: भरत दाभोळकरांची लेखणी आणि जयंत राणे यांचा कुंचला. सिल्व्हेस्टर डाकुन्हा जून 2023 मध्ये निवर्तले. त्यांच्या पश्चात हे काम त्यांचे पुत्र राहुल डाकुन्हा सांभाळीत आहेत.