सुरुवातीचा शेवट अजून लागलेला नाही

एप्रिल २०१२मध्ये 'चेसबेस' या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर एक मुलाखत झळकली. 'किंग्ज गॅम्बिट' ही जुनी, धाडसी सुरुवात संगणकाने मुळापासून सोडवल्याचं 'रिब्का' या बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनाचे कर्ते वासिक रायलिच तीत सांगत होते. पांढऱ्याने दुसऱ्याच खेळीला उंटापुढचं प्यादं देऊ केलं आणि काळ्याने ते मारलं, की पांढऱ्याचा डाव बुडाला. बरोबरी वाचवणारी खेळी एकच, राजाच्या बाजूचा उंट एक घर पुढे. अनेक जाणकारांनीही विश्वास ठेवला. ती एप्रिल फूलची थट्टा होती. ती पचली, कारण इंजिनाचा अंदाज म्हणजेच सिद्धता, असं आपण धरून चालतो.

खरं 'सोडवणं' डावाच्या अखेरीस पाहायला मिळतं. राजे धरून पटावर सातच सोंगट्या उरल्या, की अचूक निकाल सांगणारे कोष तयार आहेत. ते रचताना संगणक मात झालेल्या स्थितीपासून उलटा मागे येतो, म्हणून अंदाजाला जागाच राहत नाही. सुरुवातीला मात्र सोंगट्या बत्तीस. पहिल्या खेळीला पर्याय वीस, आणि दोघांच्या तीन-तीन खेळ्या होईतो वाटा ११ कोटी ९० लाखांवर जातात. इंजिन त्यातल्या बहुतेक फांद्या छाटतं, उरलेल्यांवर ठरावीक खोलीपर्यंत उतरतं आणि तिथल्या स्थितीला गुण देतं. पडद्यावर दिसणारा +०.३० हा आकडा, म्हणजे पांढरा किंचित वरचढ, असा आलेला असतो.

माणसाला सहज हरवणाऱ्या इंजिनाचा अंदाज पुरेसा नाही का? स्पर्धेची तयारी करणाऱ्याला पुरतो, अगदी भरपूर पुरतो. पण अंदाज बदलतात. २०००मध्ये लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रॅमनिकने कास्पारोव्हविरुद्ध 'बर्लिन बचाव' काढला, तेव्हा इंजिनं त्यात पांढऱ्याला वरचढ मानत. कास्पारोव्हला ती लढत एकही डाव न जिंकता गमवावी लागली. आजची इंजिनं त्याच स्थितीला जवळपास बरोबरी म्हणतात. सिद्धतेच्या बाबतीत असं होत नसतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चेकर्स हा खेळ जोनाथन शेफर यांच्या चमूने २००७मध्ये सोडवलाच की! खरं आहे, पण १९८९पासून खपून. आणि तिथे एकूण स्थिती सुमारे ५ गुणिले १०चा २०वा घात, म्हणजे बुद्धिबळापुढे किरकोळ. शिवाय चेकर्समध्ये मारता येत असेल तर मारावंच लागतं, त्यामुळे फांद्या आपोआप गळतात. सोंगट्या गमावणारा जिंकतो त्या उलट्या बुद्धिबळातही हीच सक्ती असते. तो प्रकार मार्क वॉटकिन्स यांनी २०१६मध्ये सोडवला: राजापुढचं प्यादं एक घर सरकवून पांढरा जिंकतो. नेहमीच्या बुद्धिबळात समोरचं प्यादं मारायचं की नाही, हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर असतं.